दोन टाळ्यांमधला काळ

शाळेच्या विज्ञानसंध्येस शोभेल असा एक प्रयोग घरीच करून पाहावा. सेकंदास एक याप्रमाणे टाळ्या वाजवा. हात आपोआप चालतो. आता दर ४ सेकंदांनी एक वाजवा. मनातल्या मनात मोजल्यावाचून ठेका राखणे मोठे कठीण! दोन ठोक्यांत सुमारे २ सेकंदांहून अधिक अंतर पडले की कानाची पकड सुटते, असे मानसशास्त्रज्ञांना आढळले आहे.

मग विलंबित एकताल कसा राखतात? त्याच्या मात्रा १२. प्रत्येक ४ सेकंदांची धरल्यास आवर्तन ४८ सेकंदांचे. गवई काही घड्याळ पाहून गात नाही. तबलजी ‘तिरकिट’सारख्या बारीक बोलांनी मधली पोकळी भरतो आणि कानाला आधार मिळतो.

१९२४ साली बेळगावजवळील सुळेभावी येथे जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे एक फुप्फुस क्षयाने निकामी झाले. कित्येक वर्षे गाणे बंद होते. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, ते छोट्या छोट्या स्वरवाक्यांनी. त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकावीत. दोन वाक्यांमधली शांतता रिती वाटत नाही. खाली ठेका चालूच असतो, आणि श्रोता समेची वाट पाहत असतो.