सदुसष्ट नॅनोसेकंदांचा हिशेब

वेगवान नेटवर्क कार्ड संगणकात बसवणे सोपे असते. त्या वेगाने आलेली माहिती न सांडता पुढे पोचवणे हे ड्रायव्हरचे काम, आणि तो कसा चालवायचा हे ठरवणे माणसाचे.

पुण्याहून नाशिक रस्त्याने सुमारे ऐंशी किलोमीटर गेले की नारायणगाव लागते. तिथून आत खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने उभ्या आहेत आणि उरलेल्या १६ तीन फाट्यांवर दूरवर विखुरल्या आहेत. सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. प्रत्येक तबकडीकडून दोन ध्रुवणांचे दोन संकेत येतात, म्हणजे एकूण ६०. ते ऑप्टिकल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत पोचतात आणि तिथे त्यांचे आकड्यांत रूपांतर होते.

अद्ययावत जीएमआरटी एका वेळी ४०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा टिपू शकते. एवढा पट्टा नीट पकडायचा तर सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. एक नमुना अवघ्या ४ बिटांत मांडला, तरी एका संकेताचे सेकंदाला ३.२ गिगाबिट होतात आणि साठांचे १९२. ही माहिती एफपीजीए चिप असलेल्या बोर्डांवरून १० गिगाबिट इथरनेटने संगणकांच्या ताफ्याकडे जाते आणि तिथले ग्राफिक्स प्रोसेसर तिची गणिते करतात.

अशा यंत्रणांत पॅकेट सहसा यूडीपी पद्धतीने पाठवतात. पाठवणारा पोच मागत नाही आणि हरवलेले पुन्हा पाठवत नाही, कारण मागचे पाठवत बसला तर पुढचे नमुने कुठे ठेवणार? पॅकेटवर क्रमांक असल्यामुळे काय गहाळ झाले ते कळते. पण ती जागा शून्यांनी भरावी लागते. लाखो वर्षे प्रवास करून आलेली लहर संगणकाच्या उंबरठ्यावर हरवू नये, एवढीच इथली मागणी. ती पुरी करणे मात्र अजिबात सोपे नाही.

तार धावली, कोअर मागे राहिला

रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी झेरॉक्सच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात इथरनेटची कल्पना एका टिपणात मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्यासह त्यांनी उभारलेल्या पहिल्या जाळ्याचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता. १० गिगाबिट इथरनेटचे मानक २००२ मध्ये आले, १०० गिगाबिटचे २०१० मध्ये आणि ४०० गिगाबिटचे २०१७ मध्ये. प्रोसेसरच्या एका कोअरचे ठोके मात्र २००५ च्या सुमारास तीन-चार गिगाहर्ट्झला पोचले आणि पुढे फारसे वाढले नाहीत.

या तफावतीचा अर्थ आकड्यांत पाहू. इथरनेटचे सर्वांत लहान पॅकेट ६४ बाइटचे. तारेवर त्याच्या आधीची खूण आणि दोन पॅकेटांमधले अंतर धरून ते ८४ बाइटची जागा घेते. १० गिगाबिटच्या तारेवरून अशी पॅकेट सेकंदाला जवळजवळ १ कोटी ४९ लाख येऊ शकतात, म्हणजे दर ६७.२ नॅनोसेकंदाला एक. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरचे तेवढ्यात जेमतेम २०० ठोके होतात. हवा असलेला आकडा जवळच्या कॅशमध्ये सापडला नाही आणि मुख्य मेमरीपर्यंत जावे लागले, तर त्या एका फेरीतच हा सगळा वेळ खर्ची पडू शकतो. पॅकेट तपासणे आणि योग्य प्रोग्रामच्या हाती देणे अजून बाकीच असते. १०० गिगाबिटला हा अवधी ७ नॅनोसेकंदांच्याही खाली येतो.

कार्ड आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, यांच्यामध्ये उभे राहून हा हिशेब जुळवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. लिनक्स आणि फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या प्रणालींत ड्रायव्हरचा कोड खुला असतो आणि त्याच्या बहुतेक नेमणुका बाहेरून बदलता येतात. लिनक्सवर त्यासाठी ‘ईथटूल’ ही आज्ञा आहे. फ्रीबीएसडीवर हेच काम ‘आयएफकॉन्फिग’ आणि ‘सिसकंट्रोल’ यांनी होते.

फिरते रहाटगाडगे

कार्डावर आलेले पॅकेट प्रोसेसर स्वतः उचलून आणत नाही. ड्रायव्हर मेमरीत आधीच रिकाम्या जागा राखून त्यांचे पत्ते एका वर्तुळाकार यादीत मांडतो. या यादीला रिंग बफर म्हणतात. ती रहाटगाडग्यासारखी चालते: एका बाजूने कार्ड गाडगी भरत जाते, दुसऱ्या बाजूने कर्नल ती रिकामी करतो आणि रिकामी गाडगी फिरून पुन्हा कार्डापुढे येतात. कर्नलला उशीर झाला आणि समोर भरलेलेच गाडगे आले, तर कार्ड नवे पॅकेट टाकून देते आणि स्वतःच्या मोजणीत एकाची भर घालते.

इंटेलच्या १० गिगाबिट कार्डांच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये रिंगची मूळ लांबी बराच काळ ५१२ राहिली आहे. ती आठपट, म्हणजे ४०९६ करता येते. सर्वांत लहान पॅकेटांचा पूर आला तर ५१२ ची रिंग ३४ मायक्रोसेकंदांत भरते. ४०९६ ची भरायला २७५ मायक्रोसेकंद लागतात. ९००० बाइटची मोठी पॅकेट असतील आणि एका जागेत एक अख्खे पॅकेट मावत असेल, तर लांब रिंग जवळजवळ ३० मिलिसेकंद तग धरते. दुर्बिणीसारख्या ठिकाणी हा अवधी मोलाचा असतो, कारण कोअर दुसऱ्या कामात क्षणभर अडकला तरी सांडत काही नाही.

मग रिंग नेहमीच लांब का ठेवत नाहीत? एका जागेला २ किलोबाइट धरले तर ४०९६ जागांची एक रिंग ८ मेगाबाइट खाते. अशा आठ-दहा रिंगा झाल्या की त्या प्रोसेसरच्या कॅशमध्ये मावत नाहीत आणि प्रत्येक पॅकेटसाठी मुख्य मेमरीची फेरी सुरू होते. शिवाय लांब रांगेत पॅकेट जास्त वेळ पडून राहू शकते. गळती थांबवण्याची किंमत इथे विलंबाच्या रूपाने मोजली जाते.

किती वेळा हाक मारायची?

पॅकेट आल्याचे प्रोसेसरला कळवण्यासाठी कार्ड इंटरप्ट देते. हातातले काम थांबवा, इकडे पाहा, असा तो इशारा. तो घेताना कोअरला चालू कामाची स्थिती जपून ठेवावी लागते आणि नंतर पुन्हा उभी करावी लागते. प्रत्येक पॅकेटमागे असा इशारा आला तर एक वेळ अशी येते की कोअर इशारे घेण्यातच बुडतो आणि पॅकेट पुढे देण्याचे काम ठप्प होते. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये या अवस्थेचा सविस्तर अभ्यास मांडला आणि उपायही सुचवला: गर्दी असताना इंटरप्ट बंद ठेवावे आणि कर्नलने आपणहून येऊन रिंग तपासावी.

लिनक्समध्ये याच विचाराची ‘नॅपी’ ही यंत्रणा पुढे आली. पहिल्या पॅकेटला इंटरप्ट येतो आणि लगेच त्या रांगेचे इंटरप्ट बंद होतात. मग कर्नल एका फेरीत साधारण ६४ पॅकेट उचलतो. रिंग रिकामी झाली की इंटरप्ट पुन्हा सुरू होतात. कामाचा भार वाढला की ही यंत्रणा आपोआप अधिक कार्यक्षम होते, आणि म्हणूनच दोन दशकांनंतरही ती पाय रोवून उभी आहे.

त्यावर आणखी एक नेमणूक कार्डाच्या हाती असते. पॅकेट आल्याबरोबर इंटरप्ट न देता ठरावीक मायक्रोसेकंद थांबायचे आणि तेवढ्यात जमलेल्यांसाठी एकदाच द्यायचा. १५०० बाइटची पॅकेट १० गिगाबिटवर सेकंदाला ८ लाखांहून अधिक येतात. ५० मायक्रोसेकंदांचे अंतर ठेवले तर इंटरप्ट सेकंदाला २० हजारांवर येतात आणि एकेका इंटरप्टमागे चाळीसेक पॅकेट हाती लागतात. कोअर मोकळा होतो; मात्र पहिल्या पॅकेटला ५० मायक्रोसेकंद ताटकळावे लागते.

कामाची वाटणी

एक कोअर पुरत नसेल तर काम अनेकांत वाटावे लागते. आजच्या कार्डांवर अनेक रांगा असतात. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता व पोर्ट यांवरून कार्ड एक गणित करते आणि पॅकेट कोणत्या रांगेत टाकायचे ते ठरवते. एका संवादाची सगळी पॅकेट एकाच रांगेत, म्हणून एकाच कोअरकडे जातात आणि त्यांचा क्रम बिघडत नाही.

हजारो ग्राहकांशी बोलणाऱ्या सर्व्हरला ही वाटणी उत्तम लागू पडते. दुर्बिणीच्या संगणकाकडे मात्र मोजकेच पण जाडजूड प्रवाह येतात. त्यांतले दोन योगायोगाने एकाच रांगेत पडले, तर एक कोअर घामाघूम होतो आणि शेजारचे रिकामे बसतात. अशा वेळी अमुक पोर्टची पॅकेट अमुक रांगेतच टाक, असा नियम कार्डाला देता येतो. रांगेचे इंटरप्ट कोणत्या कोअरने घ्यायचे तेही नेमून देता येते.

दोन प्रोसेसरच्या यंत्रात कार्ड नेमके कोणत्या प्रोसेसरला जोडले आहे हेही पाहावे लागते. पॅकेट एकाच्या मेमरीत आणि प्रोग्राम दुसऱ्यावर, अशी स्थिती असेल तर प्रत्येक बाइट दोघांमधला पूल ओलांडतो. कार्ड मदरबोर्डवरच्या कोणत्या खाचेत बसवले आहे तेही महत्त्वाचे. दुसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसची एक लेन सेकंदाला ४ गिगाबिट वाहते. अशी एकच लेन असलेल्या खाचेत १० गिगाबिटचे कार्ड कितीही जुळवले तरी पूर्ण वेग देणार नाही.

मोठे पॅकेट हा आणखी एक सरळ उपाय. १५०० ऐवजी ९००० बाइटची मर्यादा ठेवली तर त्याच माहितीसाठी पॅकेटांची संख्या साधारण एक षष्ठांश होते. अट एकच: वाटेतल्या प्रत्येक स्विचवर आणि दोन्ही टोकांना ही मर्यादा मान्य हवी.

वेग नेमका कशासाठी?

दुर्बिणीला एकही थेंब सांडलेला चालत नाही. थोडा विलंब चालतो. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात शेअर बाजाराच्या यंत्रणेशेजारी दलालांचे संगणक असतात. त्यांची गरज अगदी उलटी. तिथे माहितीचे आकारमान बेताचे आणि मायक्रोसेकंद मोलाचा. अशा कामासाठी इंटरप्टचे थांबणे शून्यावर आणतात आणि कोअरला वीज वाचवण्यासाठी झोपू देत नाहीत, कारण गाढ झोपेतून उठायला त्याला शंभर मायक्रोसेकंदही लागू शकतात. कित्येकदा कर्नलला वगळून प्रोग्राम स्वतःच रिंगवर नजर ठेवून बसतो.

तिसरी तऱ्हा नेटफ्लिक्सची. त्यांचे चित्रपट पुरवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात. त्यांच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये एकाच सर्व्हरमधून सेकंदाला ४०० गिगाबिटच्या आसपास माहिती कशी पाठवली ते जाहीरपणे मांडले. तिथे अडसर होता तो मेमरीच्या वहनक्षमतेचा. माहिती सांकेतिक करण्याचे काम प्रोसेसरकडून काढून कार्डावर सोपवल्यावर मेमरीतल्या फेऱ्या कमी झाल्या आणि मोठी झेप घेता आली.

सारख्याच जातीची कार्डे, तेच इथरनेट, आणि तीन ठिकाणी तीन वेगळ्या नेमणुका. म्हणूनच ‘सर्वोत्तम सेटिंग’ असे काही अस्तित्वात नसते. ड्रायव्हरबरोबर येणारी मूळ मूल्ये ही सगळ्यांना बऱ्यापैकी चालावीत म्हणून केलेली तडजोड असते. आपली माहिती कशासाठी आहे, तिच्यात काय गमावलेले चालेल आणि काय नाही, हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला ठाऊक असू शकत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते.

गळती कुठे आहे?

ठरवण्याआधी मोजावे लागते, आणि त्याची सोय या प्रणालींत उत्तम आहे. कार्डाच्या ‘मिस्ड’ मोजणीत भर पडत असेल तर रिंग वेळेत रिकामी होत नाही. कार्डाची मोजणी स्वच्छ आहे पण यूडीपीच्या बफरमधल्या चुका वाढत आहेत, असे असेल तर पॅकेट कर्नलपर्यंत सुखरूप पोचले आणि प्रोग्राम ते उचलायला उशिरा आला. लिनक्समध्ये या बफरची नेहमीची मूळ मर्यादा २,१२,९९२ बाइट आहे. १० गिगाबिटचा पूर्ण प्रवाह तेवढा बफर फार तर १७० मायक्रोसेकंद झेलू शकतो. अशा वेळी रिंग कितीही वाढवली तरी उपयोग नाही. औषध वेगळ्या जागी द्यावे लागते.

वैज्ञानिक उपकरणाच्या बाबतीत मला हे फार महत्त्वाचे वाटते. तबकडीचा व्यास, रिसीव्हरचे तापमान आणि नमुन्यांची संख्या आपण काटेकोर नोंदवतो. रिंगची लांबी, इंटरप्टचे अंतर, रांगांची वाटणी आणि गहाळ पॅकेटांची मोजणी यांचीही तितकीच काटेकोर नोंद हवी. ड्रायव्हर हा उपकरणाचाच भाग आहे आणि त्याने टाकून दिलेले पॅकेट हे निरीक्षणातले भोक आहे.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा विषय हाताने शिकता येईल. १० गिगाबिटची दोन जुनी कार्डे, एक थेट केबल, लिनक्स किंवा फ्रीबीएसडी चालणारे दोन संगणक आणि वेग मोजणारा ‘आयपर्फ’ हा मोफत प्रोग्राम एवढे साहित्य पुरते. मूळ स्थितीतला वेग, गळती आणि प्रत्येक कोअरवरचा भार आधी लिहून घ्यावा. मग एका वेळी एकच मूल्य बदलावे, पुन्हा मोजावे आणि आकडा का हलला याचे कारण शोधावे. कारण सापडले नाही तर कोड उघडून वाचावा. तो सगळ्यांसाठी खुला आहे.