कॉलेजचा उतारा कसा काढतात?

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. पण वाचून झाल्यावर तो आपल्या बांधाबाहेरचा नाही, हे आपणांस पटेल असे वाटते.

बारावीचा निकाल लागला की आमच्या गट ऑफिसात उसाच्या नोंदीपेक्षा कॉलेजप्रवेशाची चौकशी जास्त होते. गेल्या जूनमध्ये एक वयस्क सभासद आले. त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांचा धाकटा भाऊ वाशीच्या बाजारात माथाडी आहे, कोपरखैरण्याला राहतो. नातीला चुलत आजोबांकडे ठेवून नवी मुंबईत शिकवायचे घरात ठरले होते. आबांनी पिशवीतून तीन-चार कॉलेजांची माहितीपत्रके काढून टेबलावर मांडली. प्रत्येकावर नॅकची श्रेणी ठळक छापलेली.

"साहेब, हे ए प्लस, बी प्लस प्लस म्हंजे काय? आपल्या उताऱ्यागत काय असतंय का?"

आम्ही म्हणालो, "तसंच समजा, आबा." आबा समाधानाने गेले. आमचे मात्र समाधान झाले नाही. उत्तर खोटे नव्हते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे इथे लिहीत आहोत.

वाशी आणि आपण

वाशी आपल्याला परकी नाही. सातारा-सांगलीकडची किती घरे माथाडीच्या पगारावर उभी राहिली हे आपण जाणतोच. खाडीवरचा पहिला पूल १९७३ साली झाला. १९८१ साली कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईतून तिकडे गेला आणि त्याच्यामागे आपली माणसे गेली. त्याच्याही आधी, १९७९ साली, रयत शिक्षण संस्थेने वाशीला कॉलेज काढले आणि त्याला कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव दिले. वाशीला रेल्वे पोचायला त्यानंतर १३ वर्षे लागली.

ही संस्था भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची पोरे एका पंगतीला बसली, स्वतः राबली आणि शिकली. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेही 'कमवा आणि शिका' याच तत्त्वावर. इतरत्र ज्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात, म्हणजे भोवतालच्या लोकांच्या पोरांना दार उघडे ठेवणारे कॉलेज, ते आपल्याकडे या मार्गाने आले.

वाशीच्या या कॉलेजला नॅकने ४ पैकी ३.५३ गुण देऊन ए प्लस श्रेणी दिली आणि पुढे ते स्वायत्त झाले. कष्टकऱ्यांच्या नावाने निघालेले कॉलेज इतके वर चढले याचा आपल्याला अभिमान वाटणारच. पण ३.५३ म्हणजे नेमके काय मोजले?

मोजणी कशी होते

नॅक ही विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ साली बंगळूरला स्थापन केलेली संस्था. तिचे काम उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यमापन करून श्रेणी देणे. ही श्रेणी साधारणपणे ५ वर्षे चालते.

प्रथम कॉलेजने स्वतःचाच पंचनामा करायचा असतो. त्याला स्वमूल्यमापन अहवाल म्हणतात. अभ्यासक्रम, अध्यापन व मूल्यमापन, संशोधन व विस्तारकार्य, इमारत व साधने, विद्यार्थ्यांना मदत व त्यांची प्रगती, कारभार, आणि संस्थेची मूल्ये व चांगले उपक्रम असे त्याचे ७ निकष. २०१७ च्या पद्धतीत दिलेल्या आकड्यांची कागदोपत्री पडताळणी होई, विद्यार्थ्यांचे मत परस्पर मागवले जाई, आणि मग बाहेरच्या प्राध्यापकांची समिती प्रत्यक्ष येई. सुमारे ७० टक्के भाग आकड्यांवर आणि उरलेला समितीच्या पाहणीवर ठरे.

या पद्धतीत विद्यापीठाशी संलग्न कॉलेजला एकूण १००० पैकी ३५० गुण एकट्या अध्यापन-अध्ययन-मूल्यमापनाला होते. इमारत आणि साधने यांना १००. म्हणजे चकचकीत फरशी आणि काचेचे दार यांनी श्रेणी फार चढत नाही. वर्गात काय घडते यालाच वजन.

आणखी एक बारकावा. २०१६ साली ठरलेल्या मापाने ३.५१ ते ३.७५ गुणांना ए प्लस मिळे. २०१७ च्या जुलैपासून माप बदलले आणि ३.५१ च्या पुढे ए प्लस प्लस मिळू लागले. गुण तेच, अक्षर वेगळे! म्हणून नुसते अक्षर वाचू नये, साल वाचावे. २०२४ च्या जानेवारीत तर अक्षरे काढून टाकून 'मान्यताप्राप्त' किंवा 'अमान्य' एवढेच सांगायचे आणि पुढे पाच पातळ्या ठेवायच्या, अशी नवी रचना जाहीर झाली.

बरण्यांची गोष्ट

आता आमच्याच घरचे सांगतो.

आम्ही शेतकी पदविकेला होतो त्या शाळेवर एकदा तपासणी यायची होती. आठ दिवस आधी झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लागला. वाफे झाडले. आदल्या दिवशी शेजारच्या संस्थेतून टेम्पो भरून काचेच्या बरण्या आल्या. त्यांत रोगट उसाचे नमुने होते: काणी, लाल कूज, गवताळ वाढ. आम्ही पोरांनीच त्या फडताळात लावल्या आणि चिठ्ठ्या चिकटवल्या. समितीने पाहिल्या, माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी टेम्पो परत आला आणि बरण्या गेल्या. एकाही बरणीपुढे उभे राहून आम्हांला कोणी धडा दिला नाही. शाळा पास झाली, यथावकाश आम्हीही पास झालो.

नोकरीचे पहिलेच वर्ष. एका सभासदांच्या सुरू उसात काही बेटे अशी फुटली होती की विचारू नका. एकेका बेटात गवतासारखे दाट फुटवे, पाने बारीक आणि फिकट. आम्ही मोठ्या रुबाबात म्हणालो, "फुटवा झकास आहे. पिवळेपणा नत्राचा आहे, युरियाचा एक हप्ता द्या." ती गवताळ वाढ होती. ती बेटे त्याच दिवशी मुळासकट काढून नष्ट करायला हवी होती. त्या बेटांत ऊस असा धरलाच नाही, टनेज निम्म्यावर आले. भरीस भर म्हणजे त्याच रानातले बेणे त्यांनी मेव्हण्याला दिले होते. बेण्यावाटे रोगही गेला.

ते सभासद रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तुमचा दाखला बघून आम्ही तुमचं ऐकलं."

हे वाक्य आमच्या मनातून आजतागायत गेलेले नाही. दाखला आमचा होता, बरण्या उसन्या होत्या, आणि नुकसान तिसऱ्याचे झाले. कॉलेजच्या श्रेणीचा प्रश्न आम्हांला जिव्हाळ्याचा वाटतो तो यामुळे.

दोन तपासण्यांच्या मधली वर्षे

उतारा प्रयोगशाळेत तयार होत नाही. तो रानात तयार होतो, प्रयोगशाळा फक्त मोजते. तोडीच्या आधी आठ दिवस काही केले म्हणून उतारा वाढत नाही. कॉलेजचेही तेच. खरे काम दोन तपासण्यांच्या मधल्या वर्षांत होते. त्यासाठी मान्यताप्राप्त कॉलेजात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष ठेवावा लागतो आणि दरवर्षी नॅकला अहवाल पाठवावा लागतो. जिथे हा कक्ष जागा असतो तिथे मागच्या समितीने दाखवलेली उणीव पुढच्या वर्षाच्या कामात दिसते. जिथे तो कागदावर असतो तिथे पाचव्या वर्षी चुना आणि गेरू येतो.

काट्यावर विश्वास नसेल तर वजनाला अर्थ नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत आंध्रातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या तपासणीला गेलेल्या नॅक समितीच्या सदस्यांना सीबीआयने लाचेच्या आरोपावरून अटक केली. अशा बातमीने प्रामाणिकपणे राबणाऱ्या कॉलेजांचेही नाव विनाकारण डागाळते. पण काटा बिघडला म्हणून वजन करणेच सोडून देता येत नाही. काटा तपासून घ्यावा लागतो.

मोजणारा चुकला तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. सॅन फ्रान्सिस्को शहरात गरीब, नोकरदार आणि नव्याने आलेल्या लोकांना शिकवणारे मोठे सिटी कॉलेज आहे. २०१३ च्या जुलैमध्ये मान्यता देणाऱ्या आयोगाने त्याची मान्यता काढून घेण्याचे ठरवले. तिकडे मान्यता गेली तर विद्यार्थ्याला सरकारी आर्थिक मदत मिळत नाही. हजारो विद्यार्थी दुसरीकडे गेले. शहर कोर्टात गेले, आणि २०१५ च्या जानेवारीत कोर्टाने आयोगाच्या कार्यपद्धतीत कायद्याचा भंग झाल्याचे सांगितले. तोवर कॉलेजनेही आपला कारभार आणि हिशेब सुधारायला घेतले होते. २०१७ च्या जानेवारीत त्याला ७ वर्षांची मान्यता मिळाली. दोष दोन्हीकडे निघाले. पण गेलेली वर्षे पोरांची गेली.

प्रवेश घेताना काय विचारावे

पक्वता पाहताना आम्ही हातातल्या ब्रिक्समापकाने बुडख्याचा रस बघतो आणि शेंड्याचाही बघतो. नुसता बुडखा पाहिला तर कोवळा ऊससुद्धा गोड वाटतो. बुडखा आणि शेंडा यांचे आकडे जवळ आले म्हणजे ऊस पिकला. कॉलेजच्या पत्रकावर पदके मिळवणाऱ्या पोरांचे फोटो असतात, तो झाला बुडखा. आपण शेंडा विचारावा. खेड्यातून आलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या पोरीचे तिथे काय होते? प्रवेश घेतलेल्या १०० पैकी शेवटच्या वर्षापर्यंत किती टिकतात? किती पास होतात?

त्याशिवाय आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. एक, श्रेणी कोणत्या सालची आणि तिची मुदत कधी संपते. दोन, मागच्या समितीने कोणती उणीव काढली आणि तिचे पुढे काय झाले. कॉलेजांना आपले अहवाल जाहीर ठेवावे लागतात, मोबाईलवर पोरेच ते काढून देतील. तीन, प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात स्वतः डोकावावे. पुस्तकांवर धूळ आहे की हाताळल्याच्या खुणा आहेत, हे कळायला पदवी लागत नाही. आपण बैल घेताना दात मोजतो, मग पोरीची तीन-चार वर्षे देताना संकोच कसला?

आबांना हे सारे आम्ही आठ दिवसांनी घरी जाऊन सांगितले. मघाचे उत्तर अर्धे होते हेही कबूल केले. ते नातीला घेऊन वाशीला गेले आणि आल्यावर गट ऑफिसात आले. म्हणाले, "साहेब, तिथल्या शिपायालाच विचारलं, प्रयोगशाळा रोज उघडतीय का फक्त साहेब लोकं आल्यावर? तो हसला आणि म्हणाला, बाबा, आत्ता चालू आहे, बघून घ्या." नातीने तिथे उभी राहून अर्धा तास प्रयोग पाहिला. प्रवेश तिथेच घेतला.

कॉलेज कोणते ते मुद्दाम लिहीत नाही. ज्याने त्याने आपले पाहून घ्यावे. कुणाला पत्रक वाचायला किंवा अहवालातले आकडे समजून घ्यायला मदत हवी असेल तर गट ऑफिसात जरूर यावे. ऊस नोंदीच्या टेबलावर त्याचीही सोय करू.

आणि हो, लागणीसाठी बेणे घेतानाही बेणे मळ्याचा दाखला पाहा, पण बेटे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडी भरू नका. हे आम्ही अनुभवाने सांगतो.