लेखांक ५ : आधी चट्टा पाहा, मग रक्त तपासा

मागच्या लेखांकात आपण प्रतिपिंडे स्वतःच्याच पेशींवर का उलटतात ते पाहिले. आजचा प्रश्न त्यातूनच निघतो: असा आजार पहिल्यांदा कातडीवर उमटला, तर तो ओळखायचा कसा? हल्ली गालांवर लाली आली आणि सांधे थोडे दुखले, की ‘एएनए’ ही पेशीकेंद्राविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी रक्तचाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली की घरात ‘ल्युपस’ या अशाच एका आजाराचे नाव शिरते आणि झोप उडते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. कातडीचे नीट वाचन झाल्याशिवाय केलेली एएनए फारसे काही सांगत नाही, उलट बऱ्याचदा भलतेच सांगते.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांपैकी सुमारे १३ टक्के लोकांची एएनए १:८० या पातळीला, म्हणजे रक्तद्रव ८० पट पातळ करूनही, पॉझिटिव्ह निघाली. १:४० या खालच्या पातळीला तर हे प्रमाण ३० टक्क्यांच्या वर गेले. आता हिशेबापुरते धरू, की एक लाख लोकांत ल्युपसचे ५० रुग्ण आहेत. सगळ्यांचे रक्त तपासले, तर १:८० ला सुमारे १३,००० निरोगी माणसे पॉझिटिव्ह येतील. म्हणजे एका खऱ्या रुग्णामागे २६० निरोगी. यावर कोणी म्हणेल, सगळ्यांची चाचणी करतो कोण, चट्टा असलेल्यांचीच तर करतो. बरोबर आहे, पण चट्टे शंभर प्रकारचे असतात. चट्टा जितका ल्युपससारखा, तितका त्या पॉझिटिव्ह शब्दाला अर्थ, आणि तो किती ल्युपससारखा आहे हे प्रयोगशाळा सांगत नाही, ते डोळ्यांनीच ठरवावे लागते. २०१९ साली युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी ल्युपसचे जे वर्गीकरण ठरवले, त्यात एएनए हा फक्त उंबरठा आहे, तिला एकही गुण नाही. वर्गीकरणाला किमान १० गुण लागतात, त्यांतले ६ ल्युपसच्या ताज्या, तीव्र चट्ट्याला मिळू शकतात.

मग डोळ्यांनी पाहायचे काय? ल्युपसची लाली दोन्ही गालांवर आणि नाकाच्या कण्यावर पसरते, उन्हाने वाढते, पण नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी ती बहुधा सोडते. कोंड्याच्या जातीचा त्वचादाह नेमका त्याच घडीत बसतो. वांग तपकिरी असतो आणि महिनोन्‌महिने तसाच राहतो. बोटांवरचा फरक तर फारच बोलका आहे: ल्युपसचे चट्टे बोटांच्या पेरांच्या मधल्या भागावर येतात, तर डर्मॅटोमायोसायटिस या स्नायूंना ग्रासणाऱ्या आजारात पुरळ नेमके सांध्यांच्या उंचवट्यांवर उठते आणि पापण्या जांभळट होतात. आपल्या सावळ्या कातडीवर लाली लाल दिसेलच असे नाही. ती जांभळट किंवा काळपट दिसते आणि ‘ऊन लागलंय’ म्हणून सोडून दिली जाते. गोऱ्या कातडीच्या चित्रांवर शिकलेल्या डोळ्यांना हे मुद्दाम शिकावे लागते.

महाराष्ट्रात सर्वांत मोठा घोटाळा होतो तो गोल, कडेला पापुद्रे असलेल्या चट्ट्यांचा. ते गजकर्ण असू शकते आणि ल्युपसचा एक त्वचेपुरता प्रकारही. गजकर्णावर सर्रास दिले जाणारे टर्बिनाफिन हे औषध या प्रकाराला चालना देऊ शकते, हे नोंदले गेले आहे. म्हणजे चुकीच्या अंदाजाने दिलेले औषध मूळ आजारच भडकवू शकते. चट्ट्याची कड खरवडून पोटॅशच्या द्रावात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर बुरशी काही मिनिटांत दिसू शकते. पण ही तपासणी होण्याआधीच दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे मलम लावले जाते. ते गजकर्णाचे रूप बदलते, ल्युपसची लाली दाबते, आणि वाचायचा मजकूरच पुसला जातो. फिकट चट्ट्यावर संवेदना आहे की नाही हेही तपासायलाच हवे, कारण बधिरता असेल तर विचार कुष्ठरोगाचा करायचा. कुष्ठरोगाच्या तीव्र प्रतिक्रियेत ताप, सांधेदुखी, गाठी, एवढेच नव्हे तर पॉझिटिव्ह एएनएसुद्धा आढळू शकते.

शंका उरली, तर बायॉप्सी. चेहऱ्यावर व्रण राहील या भीतीने लोक मागे हटतात. भीती खरी आहे, पण तुकडा तीन-चार मिलिमीटरचा असतो आणि तो बहुतेकदा कानामागून किंवा दंडावरच्या चट्ट्यातून घेता येतो. फोडांच्या आजारांत तर तिला पर्यायच नाही. पेम्फिगस या अशाच फोडांच्या आजारात तोंडातले व्रण अनेकदा अंगावरच्या फोडांच्या कित्येक महिने आधी येतात. त्यातली प्रतिपिंडे बॉयटनर आणि जॉर्डन यांनी १९६४ साली दाखवली. आजही फोडाशेजारच्या कातडीचा तुकडा चमकत्या रंगद्रव्याच्या तपासणीला पाठवावा लागतो. तो तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला, की ही तपासणी वाया जाते.

सर्वांत गंभीर आक्षेप उशिराचा: वाचनात वेळ घालवला आणि मूत्रपिंड गेले तर? आक्षेप अगदी रास्त आहे, कारण ल्युपसचा मूत्रपिंडदाह बराच काळ दुखत नाही. पण त्याची वर्दी एएनए देत नाही. ती लघवीतले प्रथिन आणि रक्तपेशी देतात, आणि ही तपासणी तालुक्याच्या गावीही स्वस्तात होते. एएनए निगेटिव्ह आली तर ल्युपसची शक्यता खूप कमी होते, हे मान्य. पण डर्मॅटोमायोसायटिस तेवढ्याने सुटत नाही, आणि त्याच्या एका प्रकारात स्नायू शाबूत असतानाच फुप्फुस झपाट्याने बिघडते. म्हणून त्या पुरळासोबत दम लागत असेल, तर थांबायचे नाही.

उन्हाने वाढणारा किंवा दोन-तीन आठवड्यांत न हटणारा चट्टा असेल, तर मलम लावण्याआधी उजेडात त्याचा फोटो काढून ठेवा, चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्या, आणि रक्ताच्या चाचणीआधी डॉक्टरांना विचारा: लघवी तपासायची का, आणि चट्टा खरवडून पाहायचा का?