विषाणू एकच, मग आजार वेगळा का?

 हा प्रश्न कोरोनाच्या काळात घरोघरी विचारला गेला. लागण एकाच घरात, एकाच आठवड्यात; मुलगा दोन दिवसांत उठून कामाला लागला आणि वडिलांना ऑक्सिजन लावावा लागला. असं का?

पुण्यात आपल्या बावधनला लागूनच पाषाणला आयसर ही विज्ञान संशोधन संस्था आहे. या संस्थेनं पुणे विद्यापीठ आणि इतर संस्थांच्या साथीनं 2020च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या पाच प्रभागांत रक्त तपासलं. 51.5 टक्के लोकांत कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सापडली. नोंद झालेल्या रुग्णांच्या कितीतरी पट माणसांना लागण होऊन गेली होती. आणि त्याच दिवसांत व्हेंटिलेटरच्या खाटेसाठी नातेवाईक वणवण करत होते.

‘त्यांची प्रतिकारशक्ती कमी पडली’ हे उत्तर अपुरं आहे. गंभीर रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडं बऱ्याचदा सौम्य रुग्णांपेक्षा जास्तच असायची. खरा फरक वेळेचा आहे.

विषाणू पेशीत शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडते. ती पोचली की शेजारच्या पेशी सावध होतात. विषाणूचं आरएनए तोडणारी आणि त्याची प्रथिनं बनू न देणारी यंत्रणा आधीच तयार ठेवतात. हे पहिल्या दोन-चार दिवसांत नीट झालं, की विषाणूची वाढ आटोक्यात राहते. मागोमाग टी-पेशी येऊन लागण झालेल्या पेशी संपवतात, आणि मग सगळं शांत होतं. हे शांत होणंही तितकंच महत्त्वाचं.

गंभीर आजारात हा पहिला इशाराच उशिरा मिळतो. कोरोनाचा विषाणू तो दाबून टाकण्यात पटाईत. शिवाय काहींचं स्वतःचं शरीरच आड येतं. 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात 987 अत्यवस्थ रुग्णांपैकी 101 जणांत इंटरफेरॉनलाच निकामी करणारी प्रतिपिंडं आढळली, त्यात 95 पुरुष. लक्षणं नसलेल्या किंवा सौम्य आजाराच्या 663 जणांत एकाकडेही ती नव्हती. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. ‘काढा घेतला नाही म्हणून असं झालं’ असा बोल ज्या घरांना ऐकावा लागला, त्यांच्यासाठी तर नक्कीच.

इशारा मिळेतोवर विषाणू फुफ्फुसात पसरलेला असतो. मग दुसऱ्या आठवड्यात दाह पेटतो. दाहाचा निरोप देणारं आयएल-6 वाढतं, त्याच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी बनवतं, रक्तात गुठळ्या होऊ लागल्या की डी-डायमर चढतं, रक्तातल्या लिम्फोसाइट मात्र घटतात. रक्ततपासणीचे फोनवर एकमेकांना वाचून दाखवलेले आकडे या गोंधळाचीच नोंद होती.

स्टिरॉइड काहींना तारतं, काहींना नाही, हे कोडंही इथंच सुटतं. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषधचाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक-तृतीयांशानं कमी केले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. दाह भडकलेला असताना तो दाबणं उपकारक; पहिल्या दिवसांत, विषाणूशी लढाई चालू असताना, तेच औषध ती लढाई मंदावतं. 2021मध्ये मधुमेहाच्या जोडीला स्टिरॉइडचा अतिवापर झाला आणि म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारानं कित्येकांचे डोळे, जबडे गेले.

सगळा फरक वेळेचा, म्हणून पहिलं लक्षण कधी दिसलं ती तारीख लिहून ठेवा. डॉक्टर दिवस तिथूनच मोजतात. कोरोनाच्या काळात पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान बोटाला ऑक्सिमीटर लावून घरातल्या घरात सहा मिनिटं चालायला सांगायचे, ते दाह पेटतोय का हे वेळीच कळावं म्हणूनच. चालल्यावर आकडा 94च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त अंकांनी घसरला, तर ताप उतरलेला असला तरी रुग्णालय गाठायला सांगायचे.