म्हशीच्या दुधाचा हट्ट

‘चीजवर लिहा, पण रेसिपी नको,’ एवढंच संपादकांनी सांगितलं होतं. चीज म्हटलं की युरोपातून सुरुवात करायची रीत आहे, ती आधी उरकतो. स्वित्झर्लंडमधल्या थून इथे १९११ साली वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी एमेंटाल चीज सोडियम सायट्रेट घालून वितळवलं. उष्ण देशांत पाठवलेला माल वाटेत खराब होऊ नये, हा त्यामागचा व्यापारी हिशेब. पाच वर्षांनी अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी स्वतःच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. मुंबईच्या सँडविचवर किसून पडणारं अमूलचं चीज याच घराण्यातलं. पण इथे मधे म्हैस आली आणि गोष्ट रंगली.

खेडा जिल्हा दूध संघाची, म्हणजेच अमूलची, १९४६ सालची नोंदणी, त्रिभुवनदास पटेल, १९४९ मध्ये आणंदला आलेले कुरियन, ‘मंथन’ चित्रपट हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. त्यातला एकच धागा चीजपर्यंत येतो. संघाचं दूध रेल्वेने मुंबईला यायचं. हिवाळ्यात म्हशी भरभरून दूध देत, तेव्हा मुंबईला तेवढं नको असे. उरलेल्याचं करायचं काय? म्हशीच्या दुधाची भुकटी होतच नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते. संघाचे तंत्रज्ञ हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी नेहरूंच्या हस्ते कारखान्याचं उद्घाटन झालं. लोणी, भुकटी आणि पुढे चीज अशी वाट त्यातून निघाली.

चीजच्या बाबतीत म्हैस फारच हट्टी. तिच्या दुधात गायीच्या दुधाहून स्निग्धांश जवळजवळ दुप्पट, केसिन हे प्रथिन आणि कॅल्शियमही जास्त. त्यामुळे रेनेट हे दूध फाडणारं विकर घातल्यावर ते झटपट फाटतं, पण दही घट्ट, रबरासारखं बसतं. निवळी भराभर निथळते आणि चीज कोरडं पडतं. आंबटपणा सावकाश चढतो, कारण हे दूध आम्ल पचवून टाकतं. आणि महिनोन्‌महिने मुरवूनही चेडरचा तो झणका येत नाही, चव सपकच राहते. निव्वळ मुरवलेलं चीज म्हणून विकायचं तर यातला प्रत्येक गुण दोषच आहे.

प्रोसेसिंगमध्ये मात्र हे दोष बरेचसे झाकले जातात. कोवळं आणि मुरलेलं चीज एकत्र दळायचं, पाणी आणि सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घालायचे, वाफेवर ८० अंशांच्या आसपास तापवत घोटायचं आणि गरम असतानाच भरायचं. सगळी करामत त्या क्षाराची. घरी करून पाहण्यासारखी आहे. चांगलं मुरलेलं चेडर किसून नुसतं कढईत टाका. थोड्याच वेळात तेल सुटतं आणि खाली चिवट गोळा उरतो. आता लिंबाच्या रसात खायचा सोडा फेस बसेपर्यंत घाला. हेच घरगुती सोडियम सायट्रेट. त्यातले दोन-तीन चमचे आणि थोडं पाणी कढईत घालून दुसरा कीस मंद आचेवर ढवळा. तेल सुटत नाही, सगळं तकतकीत आणि एकजीव होतं. केसिनला जखडून ठेवणारं कॅल्शियम सायट्रेट ओढून घेतं. मोकळं झालेलं केसिन मग एका हाताने पाणी धरतं, एका हाताने चरबी. म्हशीचं जास्तीचं कॅल्शियम इथे काबूत येतं आणि कोरडेपणाही जातो. हा प्रकार मी पुन्हा पुन्हा केला, निव्वळ मजा वाटली म्हणून.

रेनेट पूर्वी वासराच्या जठरातून काढत. शाकाहारी गिऱ्हाइकाला ते चालणं शक्य नव्हतं, म्हणून बुरशीपासून केलेलं रेनेट वापरतात. पिवळा रंग शेंद्रीच्या बियांचा. पंचवीस ग्रॅमचा चौकोनी क्यूब एवढ्या सगळ्या तडजोडींतून घडलेला आहे. ‘हे काय खरं चीज!’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं त्यामुळेच पटत नाही. इथलं ऊन आणि इथली म्हैस धरून केलेलं हे चीज आहे.

काळजी वेगळीच आहे. आधी मीठ. चीजमध्ये ते असतंच, वर क्षारातलं सोडियम मिसळतं, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी हात आखडता घ्यावा. दुसरी काळजी मोठी. दुधाची चरबी महाग, पामतेल स्वस्त. तेल, स्टार्च आणि थोडं दूधप्रथिन यांच्यावर हेच क्षार चालवले की चीजसारखा दिसणारा, ताणला जाणारा लगदा मिळतो. त्याला अ‍ॅनालॉग म्हणतात. तो विकायला बंदी नाही, पण चीज म्हणून विकता येत नाही. पाकिटावर हा फरक कळतो. तव्यावर, पिझ्झ्यावर, किसून डोंगर केलेल्या सँडविचवर तो गिऱ्हाइकाला कळायला मार्गच नाही. आणि स्वस्ताईची शर्यत नेमकी तिथेच लागलेली आहे. दुधाच्या भावावर पोट असलेल्या शेतकऱ्याच्या मालाला हा परस्पर लावलेला सुरुंग आहे.

तेव्हा पाकीट उलटून बघा. नाव ‘प्रोसेस्ड चीज’ हवं आणि घटकांत पहिलं ‘चीज’ हवं. वनस्पती तेल लिहिलेलं दिसलं तर चीजचा भाव देऊ नका. गाडीवर खाताना ‘भाऊ, पाकीट दाखवता का जरा?’ असं विचारायला लाजू नका.