खेळ फुकट, हिरे विकत

मोबाइलवरील बहुतेक लोकप्रिय खेळ फुकट उतरवून घेता येतात, आणि त्यांची कमाई जाहिरातींखेरीज मुख्यतः खेळ रंगात आल्यावर होणाऱ्या छोट्या-छोट्या खरेद्यांतून होते. या खरेद्यांना मायक्रोट्रान्झॅक्शन म्हणतात. ‘फ्री फायर’मधील डायमंड आणि ‘बीजीएमआय’मधील यूसी ही त्याची मुलांच्या तोंडी असलेली उदाहरणे होत, रुपये देऊन हे आभासी चलन घ्यायचे आणि त्यातून पात्राचा पोशाख, बंदुकीवरील रंगनक्षी म्हणजेच ‘स्किन’, किंवा आत काय निघेल हे आधी न कळणारी पेटी विकत घ्यायची, असा हा व्यवहार असतो.

पिंपरी-चिंचवडमध्ये मोबाइलवरील खेळ आणि पैसा यांची मोठी चर्चा झाली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, जेव्हा शहर पोलीस दलातील एका उपनिरीक्षकाने ‘ड्रीम इलेव्हन’वर दीड कोटी रुपये जिंकले आणि पुढे त्यांचे निलंबन झाले. संसदेने २१ ऑगस्ट २०२५ रोजी मंजूर केलेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याचा रोखही अशाच खेळांवर, म्हणजे पैसे जिंकण्याच्या आशेने पैसे लावण्यावर आहे. मात्र ज्या खेळात पैसा फक्त जातो आणि जिंकून परत येण्याची शक्यताच नसते, त्यातील खरेदी या व्याख्येत सहज बसत नाही. विकता न येणारा पोशाख हा लाभ मानायचा कसा, हा प्रश्न तेथे आडवा येतो. जिंकलेल्या दीड कोटींची बातमी होते, पण घराघरांतून चाळीस-ऐंशी रुपयांनी झिरपणाऱ्या पैशाची होत नाही, आणि खरी काळजी या दुसऱ्या पैशाचीच करायला हवी.

आभासी चलनाचे पहिले काम किंमत झाकण्याचे असते. पोशाखाची किंमत रुपयांत न लिहिता डायमंडमध्ये लिहिली की ती मनातल्या मनात पगाराशी ताडून पाहणे अवघड होते. शिवाय चलन ठरावीक गठ्ठ्यांतच मिळत असल्याने खरेदीनंतर थोडी शिल्लक उरते, आणि ती वाया जाऊ नये म्हणून पुन्हा पैसे भरले जातात. पेटीचा हिशेब याहून कठोर आहे. एखादी दुर्मीळ वस्तू निघण्याची शक्यता दर वेळी एक टक्का आहे असे धरले, तर शंभर पेट्या उघडल्यावर ती मिळालीच पाहिजे असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात शंभर-शंभर पेट्या उघडणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे ३७ जणांना ती मिळतच नाही. पेटी चाळीस रुपयांची असेल तर त्या प्रत्येकाचे चार हजार रुपये गेलेले असतात. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये काही खेळांतील अशा पेट्यांना जुगार ठरवले, आणि दक्षिण कोरियाने मार्च २०२४ पासून ही शक्यता जाहीर करणे कंपन्यांवर बंधनकारक केले.

चाकण, म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी या कारखान्यांच्या पट्ट्यात पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या कुटुंबांत या रचनेचा घाव अधिक खोल बसू शकतो, कारण रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो, तेव्हा घरातला एकमेव स्मार्टफोन मुलाच्या हाती असतो, त्याच फोनमध्ये बँक खात्याला जोडलेले यूपीआय असते, चार आकडी पिन मुलाने पाहून पाठ केलेला असतो, आणि पैसे गेल्याचा संदेशही त्याच फोनवर येऊन पुसला जाऊ शकतो. मुंबईत जोगेश्वरी येथे ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांपुढे आलेल्या प्रकरणात सोळा वर्षांच्या एका मुलाने ‘पबजी’साठी आईच्या खात्यातून सुमारे दहा लाख रुपये खर्च केले होते आणि घरचे रागावल्यावर तो घर सोडून गेला होता, सुदैवाने तो अंधेरीत सापडला.

येथे दोष मुलाचा की पालकाचा, यावर वाद घालण्याआधी विक्रेत्याकडे पाहिले पाहिजे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते, आणि अज्ञानाशी केलेला करार मुळातच शून्य असतो असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरी बीबी खटल्यात दिला. म्हणजे गल्लीतला दुकानदार दहा वर्षांच्या मुलाला चार हजारांची वस्तू विकताना जी जोखीम घेतो, ती खेळाच्या दुकानालाही असायला हवी. पण खाते मोठ्या माणसाच्या नावाचे असल्याने बटण मुलाने दाबले हे सिद्ध करण्याचे ओझे बापाच्या डोक्यावर येते, आणि हे उघडपणे अन्यायाचे आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सला डिसेंबर २०२२ मध्ये नकळत खरेदी घडवणाऱ्या बटणांच्या रचनेबद्दल ग्राहकांच्या परताव्यासाठी २४ कोटी ५० लाख डॉलर देण्यास भाग पाडले, तेव्हा जबाबदारी नेमकी रचना करणाऱ्यावर टाकली गेली होती.

भारतातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली असून त्यांत खोटी घाई निर्माण करण्याचाही समावेश आहे. ‘ही संधी दहा मिनिटेच’ म्हणत उलटे धावणारे आणि संपल्यावर पुन्हा सुरू होणारे घड्याळ या वर्णनात बसते, आणि त्याविषयी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. शिवाय घरच्या घरी करण्यासारखाही एक उपाय आहे: गुगल प्लेवर प्रत्येक खरेदीपूर्वी पासवर्ड मागण्याची सोय आहे. यूपीआयचा पिन मुलाला ठाऊक असला तरी हा पासवर्ड वेगळा ठेवता येतो, आणि ती सोय सुरू करायला रात्रपाळीला निघण्याआधीची दोन मिनिटे पुरतात.