ग्वाडलकनाल : दिवस एकाचा, रात्र दुसऱ्याची

पॅसिफिकमधील युद्ध म्हटले की पर्ल हार्बर, मिडवे आणि हिरोशिमा ही नावे चटकन आठवतात. परंतु हे युद्ध रोजच्या रोज कसे लढले जात होते हे समजून घ्यायचे, तर सॉलोमन बेटांपैकी ग्वाडलकनालकडे पाहावे लागते. ऑगस्ट १९४२ ते फेब्रुवारी १९४३ असे सहा महिने तेथे आकाश, समुद्र आणि जमीन या तिन्ही ठिकाणी लढाई चालली. आणि तिला जणू ठरलेले वेळापत्रक होते.

या वेळापत्रकाचे मूळ होते एका अपुऱ्या धावपट्टीत. जपानी सैन्याने बांधायला घेतलेली ही धावपट्टी, ७ ऑगस्ट १९४२ रोजी बेटावर उतरलेल्या अमेरिकी मरीन सैनिकांनी दुसऱ्याच दिवशी ताब्यात घेतली. मात्र त्याच रात्री सावो बेटाजवळ जपानी नौदलाच्या हल्ल्यात दोस्तांनी चार क्रूझर आणि हजाराहून अधिक माणसे गमावली. रसदेची जहाजे निम्मा माल न उतरवताच निघून गेली. २० ऑगस्टला धावपट्टीवर पहिली ३१ विमाने उतरली आणि चित्र पालटले.

जपानी विमानांचा तळ रबाऊल येथे, हजार किलोमीटरहून दूर. सकाळी निघालेली विमाने ग्वाडलकनालवर पोचत ती दुपारच्या सुमारास. एवढ्या पल्ल्यानंतर झीरो विमानांकडे लढण्यापुरते इंधन फार थोडा वेळ उरे. शिवाय वाटेतील बूगनव्हिल बेटाच्या जंगलात पॉल मेसन आणि जॅक रीड हे टेहळणी करणारे दोघे दडून बसलेले असत. विमानांचा ताफा दिसताच ते बिनतारी संदेश पाठवीत. अमेरिकी वाइल्डकॅट विमानांना पुरेशी उंची गाठायला वेळ लागे. तो वेळ या संदेशामुळे मिळे.

दिवसाउजेडी या विमानांच्या टप्प्यात येणारे जपानी जहाज वाचणे कठीण होते. म्हणून जपानने संथ मालवाहू जहाजांऐवजी वेगवान विनाशिकांतून कुमक धाडण्यास सुरुवात केली. संध्याकाळच्या आधाराने त्या बेटांमधील अरुंद समुद्रमार्गात शिरत, मध्यरात्रीच्या सुमारास सैनिक उतरवीत आणि उजाडण्यापूर्वी दूर निघून जात. अमेरिकी सैनिकांनी या फेऱ्यांना ‘टोकियो एक्स्प्रेस’ असे नाव दिले. पण विनाशिका म्हणजे काही मालगाडी नव्हे. अवजड तोफा आणि पुरेसे अन्नधान्य तिच्यात मावत नसे. सप्टेंबरमध्ये धावपट्टीलगतच्या टेकडीवर जपान्यांनी रात्री निकराचे हल्ले केले खरे. परंतु त्यांच्या पाठीशी पुरेसा तोफखाना नव्हता.

धावपट्टीच निकामी केली तर? तोही प्रयत्न झाला. १३ ऑक्टोबरच्या रात्री कोंगो आणि हारुना या युद्धनौकांनी तिच्यावर नऊशेहून अधिक गोळे डागले. निम्म्याहून अधिक विमाने नष्ट झाली, इंधनाचा साठा जवळजवळ संपला. नादुरुस्त बी-१७ विमानांच्या टाक्यांतून पेट्रोल उपसून उरलेली विमाने उडवण्यात आली. १५ तारखेला जपानी मालवाहू जहाजे भरदिवसा किनाऱ्याला लागली, तेव्हा याच विमानांनी त्यांपैकी तीन जहाजे निकामी केली. नोव्हेंबरच्या मध्यास निघालेल्या अकरा जहाजांपैकी तर केवळ चार किनाऱ्यापर्यंत पोचली, तीही वाळूवर चढवून.

त्यानंतर जपानी सैन्याचा प्रश्न लढण्याचा न राहता जगण्याचा झाला. दोरांनी बांधलेली अन्नाची पिंपे रात्री विनाशिकांवरून समुद्रात सोडण्यात येत. ३ डिसेंबरला टाकलेल्या सुमारे १,५०० पिंपांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा हाती लागला. बाकीची उजाडल्यावर अमेरिकी विमानांच्या माऱ्याने बुडाली. बेटाच्या जपानी नावाचे पहिले अक्षर ‘गा’. त्याच उच्चाराच्या, ‘भूक’ या अर्थाच्या चिन्हावर श्लेष करून सैनिक त्याला ‘उपासमारीचे बेट’ म्हणू लागले. येथे मरण पावलेल्या वीस हजारांहून अधिक जपानी सैनिकांपैकी मोठा भाग भूक आणि रोगराईचा बळी होता.

माघारही त्याच वेळापत्रकाने झाली. १ ते ७ फेब्रुवारी १९४३ दरम्यान तीन रात्रींत विनाशिकांनी दहा हजारांहून अधिक सैनिक बेटावरून उचलले. या फेऱ्या नव्या कुमकेच्या आहेत, असाच अमेरिकी सेनाधिकाऱ्यांचा समज होता. ९ फेब्रुवारीला त्यांच्या तुकड्या पुढे सरकल्या, तेव्हा समोर लढणारे कोणीच उरले नव्हते.